‘घाबरू नका’ हे औषध नव्हे

तीस वर्षे मी रोग्यांना ‘घाबरू नका’ असे सांगत आलो. इंजेक्शन देताना सांगितले, रक्त काढताना सांगितले, ऑपरेशनला पाठवताना सांगितले. आज या सदरात एक कबुली द्यायची आहे. हे सांगणारा डॉक्टर स्वतः जत्रेतल्या पाळण्याला घाबरत होता आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत त्याने ही गोष्ट घरच्यांपासूनही लपवून ठेवली होती.

गोष्ट १९७६ सालची. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या गावच्या यात्रेत लाकडी पाळणा यायचा. त्याला मोटर नव्हती, दोन गडी हाताने तो फिरवायचे. चुलतभावांनी मला उचलून आत बसवले. पाळणा वरून खाली येऊ लागला तसा पोटात खड्डा पडला आणि मी रडू लागलो. भाऊ खालून ओरडले, ‘‘अजून जोरात फिरवा!’’ उतरलो तेव्हा माझी चड्डी ओली झाली होती. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वाड्याला कळले आणि पुढची दोन वर्षे मला त्यावरून चिडवण्यात आले.

त्यानंतर मी कधी पाळण्यात बसलो नाही. पुढे तर या भीतीला मी मोठ्या अब्रूने सांभाळले. रायगडावर १९९६ साली रोपवे सुरू झाला. त्यानंतर मी दोनदा गडावर गेलो आणि दोन्ही वेळा चौदाशेहून अधिक पायऱ्या चढून गेलो. बरोबरची मंडळी म्हणाली, ‘‘डॉक्टर व्यायामाचे पक्के आहेत.’’ मी ते मान डोलावून ऐकून घेतले.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही सगळे कुटुंब खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक उद्यानात गेलो. माझ्या पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा तिथे मुलांच्या लहान रोलर कोस्टरसमोर अडून बसला. पुतण्या म्हणाला, ‘‘मुलीसारखा रडतोस काय?’’ बाकीचे हसले. मी त्याला घेऊन बाकावर बसलो. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही का नाही बसत?’’ मी म्हणालो, ‘‘मला बीपी आहे.’’

माझे बीपी १२६/८० असते. एका घाबरलेल्या मुलाशी मी खोटे बोललो होतो. ‘मलाही भीती वाटते’ एवढे शब्द त्याला औषधासारखे लागू पडले असते.

त्या रात्री मला माझ्या एका रोगी आजींची आठवण झाली. २०२१ साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचे नाव काढताच त्यांचे हात कापू लागले. मी म्हणालो, ‘‘आजी, एवढ्याशा ऑपरेशनला काय घाबरता? लहान मुले घाबरत नाहीत.’’ त्या गेल्या त्या दोन वर्षे फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून डोळ्यातला दाब वाढला होता. त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. भीतीने डोळा नेला हे खरे, पण त्या भीतीला हसून आजींना दाराबाहेर घालवले ते मी.

भीती म्हणजे काय, हे डॉक्टर म्हणून मला पाठ होते. रोलर कोस्टरची गाडी उतारावर सुटते तेव्हा आसनाचा खालून मिळणारा आधार क्षणभर कमी होतो, म्हणून पोट तरंगल्यासारखे वाटते. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला कळवते, ‘आपण पडतो आहोत.’ ॲड्रिनॅलिन सुटते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहाताला घाम येतो. मजेने ओरडणाऱ्याच्या शरीरातही हेच घडते. तो त्याला गंमत समजतो, घाबरणारा संकट समजतो, एवढाच फरक. आणि आपण टाळले की धडधड लगेच थांबते. मेंदू त्यातून चुकीचा धडा घेतो, ‘टाळले म्हणून वाचलो.’ दर वेळी टाळले की हा धडा अधिक पक्का होतो.

यावरचा उपायही नवा नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि त्याला सोसेल तसा दिवसेंदिवस जवळ आणायचा. शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी पायरीपायरीने भीती घालवण्याची पद्धत पुस्तकातून सविस्तर मांडली. ‘ढकला पाण्यात, आपोआप पोहेल’ हा आपल्याकडचा उपाय मात्र अनेकदा भीती दुप्पट करतो. माझ्या भावांनी माझ्यावर तोच केला होता.

मी कागद घेतला आणि भीती आण्यांत मोजली. बागेतला झोका दोन आणे. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशी उभे राहणे चार आणे. रायगडचा रोपवे आठ आणे. यात्रेतला आकाशपाळणा बारा आणे. रोलर कोस्टर पूर्ण सोळा आणे. मग सौ.ला सगळे सांगितले. ती हसली नाही. झोक्याजवळ घड्याळ घेऊन उभी राहिली.

नियम तीनच ठेवले. एक पायरी सोपी वाटू लागेपर्यंत पुढची चढायची नाही. भीती ऐन भरात असताना पळ काढायचा नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचे किंवा तेच पुन्हा करायचे. आणि डोळे मिटायचे नाहीत, कारण डोळे मिटणे हेही टाळणेच आहे. श्वास सावकाश, विशेषतः बाहेर सोडताना लांबवायचा. झोप आणणारी किंवा भीती दाबणारी गोळी घेतली नाही. गोळी घेऊन बसले की शाबासकी गोळीला मिळते, आपल्याला नाही.

गच्चीला तीन आठवडे लागले. रोपवेत पहिल्यांदा माझ्या सदऱ्याची पाठ भिजली. आकाशपाळण्यातून पहिल्यांदा उतरलो तेव्हा नाडी १२८ होती, तिसऱ्यांदा ९६. पाळणेवाल्याने मला वेड्यात काढले असेल.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा खोपोलीला गेलो. या वेळी मुलाला आधीच सांगितले होते, ‘‘गेल्या वर्षी मी खोटे बोललो. मलाही भीती वाटते.’’ त्याने विचारले, ‘‘किती आणे?’’ दोघांनी मुलांच्या लहान रोलर कोस्टरपाशी उभे राहून चार फेऱ्या नुसत्या पाहिल्या. पाचव्या फेरीला तोच म्हणाला, ‘‘चला.’’ दुपारी मी मोठ्या ‘नायट्रो’त बसलो. पायाखाली फळी नाही, वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटर आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. फार मजा आली असे सांगितले तर ते दुसरे खोटे होईल. पहिल्या उतारावर तोच १९७६ चा खड्डा पोटात पडला. पण या वेळी तो पडला आणि भरूनही आला. मी दुसऱ्यांदा बसलो.

हे वाचून कोणी उठून रोलर कोस्टरकडे धावू नये. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, फिट्स, मानेचे वा पाठीचे दुखणे, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, तर तिथे बसू नये. ज्याला बसायचेच नाही त्यानेही जरूर बसू नये, त्यावाचून कोणाचे अडत नाही. पण भीतीपायी तपासणी, ऑपरेशन, प्रवास किंवा नोकरी अडत असेल तर तो उपचाराचा विषय आहे. घरच्या घरी जमत नसेल, छातीत धडधडून जीव जाईल असे झटके येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. मुलाच्या भीतीला हसू नका आणि त्याला उचलून बसवूही नका. त्याच्या शेजारी उभे राहा.

माझ्या दवाखान्यात आता मी ‘घाबरू नका’ म्हणत नाही. ‘‘नेमकी कशाची भीती वाटते?’’ असे विचारतो. आजींना विचारले तेव्हा कळले, ऑपरेशन चालू असताना आपला डोळा उघडा असणार आणि सुरी येताना दिसणार, असे त्यांना वाटत होते. सहसा तसे काही स्पष्ट दिसत नाही, हे त्यांना चार वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. आधी ऑपरेशन झालेल्या शेजारणीशी त्यांची गाठ घालून दिली. एक दिवस नुसते डोळ्यांच्या दवाखान्यात बसून आल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. परवा येऊन म्हणाल्या, ‘‘डाक्टर, तुमचे केस फार पिकले हो.’’