अडवणाऱ्याचा हिशेब

फुटबॉलच्या मैदानावरील गुणफलक मोठा पक्षपाती असतो. गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट त्यावर तत्काळ झळकते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव मात्र कधीच येत नाही. बचावपटूने नव्वद मिनिटांत दहा वेळा आपला किल्ला राखला, तरी त्या दहा प्रसंगांची कुठे नोंद होत नाही. त्याचे नाव हमखास फलकावर आणणारी घटना एकच. चेंडू त्याच्या अंगाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला पाहिजे!

हा विनोद नाही. ५ जून २००२ रोजी दक्षिण कोरियातील सुवोन येथे विश्वचषकाचा पोर्तुगाल विरुद्ध अमेरिका हा सामना झाला. २९ व्या मिनिटाला लँडन डोनोव्हनने मारलेला चेंडू पोर्तुगालच्या जॉर्ज कोस्ताला लागून गोलात गेला. पोर्तुगाल ३-२ असे हरले आणि साखळीतच गारद झाले. देशासाठी ५० सामने खेळलेल्या या माणसाची विश्वचषकाच्या दप्तरातील ठळक नोंद कोणती, तर स्वयंगोल! ५ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कोस्ताचे हृदयविकाराने निधन झाले. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडू गेल्यास आपल्या मूल्यमापनाच्या वहीत एक रकानाच नाही, हे ध्यानात येते. तो रकाना म्हणजे न घडू दिलेल्या अनिष्टाचा.

कोस्ताचा जन्म १९७१ चा, पोर्तो शहरातला. १९९१ साली लिस्बनच्या मैदानात सव्वा लाख प्रेक्षकांसमोर ब्राझीलला नमवून युवकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या पोर्तुगीज संघात तो होता. त्या पिढीला जगाने ‘सुवर्णपिढी’ असे नाव दिले. पण सुवर्ण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते फिगो आणि रुई कोस्ता, म्हणजे चेंडूशी गुजगोष्टी करणारे कलावंत. मागे उभा राहून टाचा-कोपरांचा मार खाणारा हा दांडगा गडी त्या सोन्यात मोजला जातो तो शेवटी. मित्रमंडळींनी त्याला नाव दिले होते ‘बिशो’, म्हणजे जनावर!

पोर्तो क्लबच्या दोन क्रमांकाच्या सदऱ्यात त्याने आठ वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. त्यांतली पाच तर ओळीने, १९९५ ते १९९९. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती २००१ मध्ये. सामन्यातून बाहेर बोलावल्याच्या संतापात त्याने कर्णधाराची पट्टी फेकून दिली. प्रशिक्षक ऑक्ताव्हियो मशादो यांच्याशी बिनसले ते बिनसलेच. कर्णधाराची रवानगी इंग्लंडमधील चार्लटन क्लबकडे, उसनवारीवर झाली! तीस वर्षांच्या बचावपटूची गोष्ट येथेच संपावयाची. पण जोझे मोरिन्यो पोर्तोचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी २००२ च्या उन्हाळ्यात त्याला परत बोलावून पुन्हा कर्णधार केले. पुढील दोन वर्षांत काय घडले ते सर्वश्रुत आहे. २००३ साली सेव्हिल येथे सेल्टिकला हरवून युएफा चषक, आणि २६ मे २००४ रोजी गेल्सेनकिर्शेन येथे मोनाकोला ३-० ने नमवून युरोपचे अजिंक्यपद. त्या रात्रीचे तीन गोल करणारे कार्लोस आल्बेर्तो, डेको आणि अलेनिचेव्ह ही नावे रसिकांना पाठ आहेत. पण त्या निकालातील दुसरा आकडा, ते शून्य, तेही कुणीतरी घाम गाळून मिळवलेलेच असते ना? ते शून्य गोलरक्षक बाइया, रिकार्डो कार्व्हाल्यो आणि जॉर्ज कोस्ता यांच्यासह साऱ्या बचावफळीने मिळवले होते.

खेळ सोडल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि येथून त्याच्याविषयीचा निवाडा अधिकच कडक होतो. मोरिन्योंच्या हाताखाली तयार झालेला कर्णधार म्हटल्यावर अपेक्षा अफाट. त्या मापाने मोजले तर कोस्ता तोकडा पडला, यात शंका नाही. बड्या करंडकांची रांग त्याच्या नावापुढे नाही. पोर्तुगाल, रुमानिया, सायप्रस, गॅबन, फ्रान्स, भारत अशी त्याची मुशाफिरी पाहून कुणी म्हणेल, ‘हा माणूस कुठेच टिकला नाही.’

मला हे माप मान्य नाही. प्रशिक्षकाच्या हाती संघ कोणत्या अवस्थेत आला आणि त्याने तो कोणत्या अवस्थेत सोडला, हाच न्याय्य प्रश्न आहे. ओल्यानेन्स हा दक्षिण पोर्तुगालमधील लहानसा क्लब. कोस्ताने २००९ साली त्याला दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले आणि जवळजवळ साडेतीन दशकांनी तो पहिल्या श्रेणीत गेला. पुढल्या वर्षी त्याने तो तेथे टिकवूनही दाखवला. २०२४ साली एव्हीएस नावाच्या अगदी नव्या क्लबला त्याने असेच वर नेले. उलट रुमानियात, २०१२ च्या एप्रिलमध्ये, अजिंक्यपदाची शर्यत रंगात असतानाच क्लुज क्लबने त्याला दूर केले. त्या हंगामाचे अजिंक्यपद क्लुजलाच मिळाले, पण त्या वेळी प्रशिक्षकाच्या जागी दुसराच गृहस्थ होता. गॅबनच्या राष्ट्रीय संघाला त्याने २०१५ च्या आफ्रिका चषकात नेले. मात्र २०१७ ची स्पर्धा गॅबनच्याच भूमीवर भरण्याआधी काही आठवडे त्याला निरोप मिळाला. पेरणी एकाची आणि मळणी दुसऱ्याची, हा प्रकार त्याच्या वाट्याला वारंवार आला.

मुंबईशीही त्याचा ऋणानुबंध जडला. २०१८ साली तो मुंबई सिटी संघाचा प्रशिक्षक झाला. आधीच्या हंगामात सातव्या क्रमांकावर राहिलेला हा संघ. ऑक्टोबरमध्ये गोव्यात त्याचा ५-० असा धुव्वा उडाला. बचावपटूच्या संघाने पाच गोल खावेत, याहून मोठी नामुष्की कोणती? पण संघ सावरला, साखळीत तिसरा आला. रेनियर फर्नांडिससारखा खेळाडू त्या हंगामानंतर भारतीय संघात गेला. उपांत्य फेरीत पुन्हा गाठ पडली ती गोव्याशीच, आणि मार्च २०१९ मध्ये अंधेरीच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, मुंबई ५-१ ने हरली. आता परतीच्या सामन्यात उरले काय होते? काहीही नाही. तरी तीनच दिवसांनी गोव्यात जाऊन मुंबईने तो सामना १-० ने जिंकला. पाच गोल करणाऱ्यांना एकही करू दिला नाही. त्या विजयाने अंतिम फेरी मिळाली नाही. ती रात्र फलकाच्या भाषेत निरर्थक ठरते. माझ्या मते कोस्ताच्या मुंबईतील कामाची खरी पावती तीच आहे. हरलेल्या लढतीतही आपली जागा न सोडणे, हे त्याने त्या मुलांना शिकवले.

मार्च २०२० मध्ये तो गेला आणि पुढच्याच हंगामात सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने साखळीचे व अंतिम, अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. ते श्रेय कोस्ताचे म्हणणे खोटेपणाचे होईल. तोपर्यंत क्लबमागे मँचेस्टर सिटीच्या मालकांचे बळ उभे राहिले होते आणि खेळाडूही पुष्कळ बदलले होते. पण दोन वर्षे संघाची पत घसरू दिली नाही, एवढे तरी त्याच्या खाती जमा व्हावे.

हिशेब चोख हवा तर नावेची बाजूही लिहिली पाहिजे. नोव्हेंबर १९९६ मध्ये पोर्तो-मिलान सामन्यानंतर मिलानच्या जॉर्ज वीआने डोक्याच्या धडकेने कोस्ताचे नाक फोडले. कोस्ताने आपल्या वर्णावरून शिवीगाळ केली, असा वीआचा आरोप होता. कोस्ताने तो साफ नाकारला. साक्षीपुरावा न मिळाल्याने त्याच्यावर कारवाई झाली नाही, वीआवर मात्र सहा सामन्यांची बंदी आली. मृत्यूनंतर माणसाला देव करण्याची आपली रीत आहे. म्हणून हे प्रकरण झाकून ठेवावे असे मला वाटत नाही. आरोप सिद्ध झाला नाही, तसाच तो पुसलाही गेला नाही. तो तसाच लिहून ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

आणि अखेरीस एवढेच. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी फार थोडे जण गोल करणारे होतील. बहुतेकांच्या वाट्याला राखणीचे काम येईल. कुणी साथ फैलावू देणार नाही, कुणी हिशेबात अफरातफर होऊ देणार नाही, कुणी शाळेतील एक पोर गळू देणार नाही. या कामांना टाळ्या नाहीत, आणि चूक झाली की नाव मात्र फलकावर! अशा माणसांना न्याय द्यायचा असेल तर ‘काय मिळवले?’ याबरोबरच ‘काय ढासळू दिले नाही?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. जॉर्ज कोस्ता शेवटपर्यंत पोर्तो क्लबच्या सेवेतच होता. त्याला हृदयविकाराचा झटका आला तोही क्लबच्या सराव-केंद्रावर. आपल्या जागेवर उभा असतानाच तो गेला.