क्षमा म्हणजे साक्ष फिरविणे नव्हे

धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांना हल्ली गावोगाव एक नवा उपदेश ऐकावा लागत आहे. पूर्वी मार खाल्ल्यावर ‘आपली पायरी ओळखून राहा’ असे सांगण्यात येई. आता त्याच तोंडांतून ‘तुम्ही बुद्धाचे झालात, बुद्ध तर करुणेचा सागर, मग ही केस कशाला चालविता?’ असा प्रश्न येतो. उपदेशाची भाषा बदलली. उपदेशकाचा हेतू तोच राहिला.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. जयंतीच्या मिरवणुकीवरून झालेल्या मारहाणीत हात मोडलेल्या एका तरुणाची आई मजकडे आली होती. कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतलेली. गावातील चार वजनदार माणसे तिच्या ओटीवर येऊन बसून गेलेली. तिने विचारले, “वकीलसाहेब, मी माफ केलं नाही तर माझं पंचशील मोडतं का?” तोच शेजारी बसलेला धाकटा मुलगा उसळून म्हणाला, “माफी कसली, आई? त्यांचे दोन हात मोडले की गाव आपोआप गप बसेल!” एकाच घरातील हे दोन प्रश्न आज आपल्या हजारो घरांत आहेत. दोहोंचे उत्तर देणे प्राप्त आहे.

प्रथम धाकट्याचे. त्याचा संताप खोटा नाही. त्याचा हिशेब खोटा आहे. मारलेला माणूस गप बसतो तो समजूत पटली म्हणून नव्हे, तर संधीची वाट पाहत. शिवाय आपण मूठभर आणि ते गावभर. आपण सूड घेतला की दुसऱ्या दिवशी उलट फिर्याद दाखल होते, फिर्यादीचा आरोपी होतो आणि कालपर्यंत जे सरळ अत्याचाराचे प्रकरण होते ते ‘दोन गटांतील हाणामारी’ ठरते. आमच्या धंद्यात हे पुनःपुन्हा पाहावयास मिळते.

मात्र पहिले शील कोणालाही निमूटपणे मार खात उभे राहावयास सांगत नाही. अंगावर आलेला घाव परतविण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकास दिलेला आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण तो हक्क संकट असेपर्यंत आणि बचावास लागेल तेवढाच. संकट टळल्यावर दुसऱ्या दिवशी काठी घेऊन जाणे याला बचाव म्हणत नाहीत. स्वतः बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. धम्म इच्छेचा निषेध करतो. गरजेचा निवाडा विवेकावर सोपवितो.

या विवेकाचा धडा आपल्यापुढे दीक्षेच्या २९ वर्षे आधीच ठेवला गेला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्राशन केले. आणि त्यानंतर मंदिरात शिरणार असल्याची अफवा उठवून परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालविण्यात आल्या. बदल्यासाठी आसुसलेल्या लोकांत सैन्यातून निवृत्त झालेले जवान होते. एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. हल्लेखोरांना क्षमा करा, असे तरी ते म्हणाले काय? नाही. रीतसर फिर्यादी झाल्या, खटला चालला व दोषी ठरलेल्यांना शिक्षा झाल्या. पुढे डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा तळ्यावर जाणेही स्थगित केले, आणि तो दावा महाड, ठाणे व मुंबई असा तीन न्यायालयांत लढविला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली! पण त्या निकालाने मिळालेला हक्क कोणाच्या लाठीला परत हिरावता आला नाही. लाठीने मिळविला असता तर लाठीनेच राखावा लागला असता.

आता त्या माऊलीचा प्रश्न. फौजदारी खटला ही फिर्यादीची खाजगी मालमत्ता नव्हे. तो शासन चालविते, कारण अपराध समाजाविरुद्ध घडलेला असतो. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील गुन्हे तडजोडीने मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. अपवादात्मक प्रकरणी वरिष्ठ न्यायालय काही करील. गावच्या बैठकीला तो अधिकार नाही. ‘तुम्ही बौद्ध झालात, तुम्हांला हा कायदा लागू नाही’ असेही सांगण्यात येते. तेही असत्य आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे.

मग ‘केस मागे घ्या’ याचा व्यवहारात अर्थ काय? अर्थ एवढाच, की साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ‘मी काही पाहिले नाही’ असे म्हणा. म्हणजे ज्यांनी क्षमेच्या नावाने याचना केली, ते तुम्हांला चौथे शील मोडावयास सांगत आहेत! असत्य बोलण्यापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. साक्ष फिरविण्याने हे शील मोडते; साक्ष दिल्याने एकही शील मोडत नाही. बाई, तुम्ही द्वेष न बाळगता सत्य सांगा. आरोपीच्या मुलाबाळांचे वाईट चिंतू नका, घडले त्याहून तिळभर अधिक सांगू नका, ज्याने मारले नाही त्याचे नाव गोवू नका. हीच तुमची क्षमा. बाकीचे न्यायाधीशाचे काम आहे.

क्षमेचा खरा प्रसंग कोणता, हे बौद्ध वाङ्मयात स्पष्ट आहे. कोसंबीच्या भांडखोर भिक्षूंना भगवंतांनी दीघावुची कथा सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्ताने त्याच्या मातापित्यांचा वध करून राज्य बळकाविले होते. तोच राजा त्याच्या मांडीवर निद्रिस्त असता दीघावुने उपसलेली तलवार म्यान केली. ही अर्धी कथा सर्वजण सांगतात. उरलेली अर्धी अशी, की ब्रह्मदत्ताने त्याचे राज्य त्यास परत दिले. तेव्हा वैर संपले. एकाने तलवार म्यान करावयाची आणि दुसऱ्याने लुटलेले राज्य गिळून बसावयाचे, यास कथेत शांती म्हटलेले नाही.

अशोकाचेही तसेच. कलिंगाच्या संहाराचा पश्चात्ताप त्याने तेराव्या शिलालेखात कोरला. पण खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, त्याने वेगळे लेख कोरविले. त्यांत विनाकारण कोणास बंदिवास वा छळ होऊ नये, अशी अधिकाऱ्यांना ताकीद आहे. जिंकलेल्यांस त्याने क्षमेचा उपदेश केला नाही. न्यायाची हमी दिली.

न्यायालये मंद आहेत, हे मी नाकारीत नाही. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा, असे अधिनियम म्हणतो. व्यवहार निराळा आहे. म्हणूनच आपण हक्क जाणले पाहिजेत. कलम १५-अ प्रमाणे पीडितास व साक्षीदारास संरक्षण, प्रवासखर्च आणि जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. तो मागून घ्या. साक्षीच्या दिवशी त्या कुटुंबास एकटे जाऊ देऊ नका. वस्तीतील दहा माणसे निःशस्त्र, शांतपणे न्यायालयाच्या आवारात उभी राहिली तरी साक्षीदाराचा आवाज कापत नाही.

ज्या दिवशी गाव ‘आमचे चुकले’ असे चारचौघांत म्हणेल आणि मिरवणुकीचा रस्ता मोकळा करील, त्या दिवशी आपल्या क्षमेला कोणाच्या आग्रहाची गरज पडणार नाही. तोपर्यंत हात आवरा. जीभ मात्र आवरू नका.