सहीपुरती सोबत

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जेवणात एक गुणी मुलगी माझ्या मुलाशेजारी येऊन बसली. त्याला पुरी वाढली, पाणी आणून दिलं, मोदकाचे फोटो दाखवले. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, माझे शाळेचे सेवेचे तास भरले. या फॉर्मवर सही कराल?" सही मी केली. तिचा काही दोष नाही, हे तिला शाळेने आणि आपण मोठ्यांनीच शिकवलंय. पण तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलाला सोबत द्यायची म्हटली की आपण एक हुशार मूल नेमतो आणि सांगतो, "त्याच्याकडे लक्ष दे हं." म्हणजे एक देणारा आणि दुसरा कायम घेणारा. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला बोलायला वेळ लागतो, पण कोण खेळायला आलंय आणि कोण सांभाळायला, हे त्याला लगेच कळतं. सांभाळणारं कुणी आलं की तो हेडफोन चढवतो.

माझ्या थोरल्या मुलीच्या मैत्रिणी कशा जमल्या ते मी पाहिलंय. शाळेच्या बसमध्ये रोज शेजारी, शनिवारी पोहायला एकाच गाडीतून, वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून अबोला, मग पुन्हा गळ्यात गळे. त्यासाठी कुणी बैठक घेतली नव्हती. धाकट्याच्या आयईपीत, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण-योजनेत, मात्र उद्दिष्ट असतं: पाचपैकी चार वेळा समवयस्काला आपणहून 'हाय' म्हणेल. म्हणतो तो. पण वर्गातल्या बाकीच्या मुलांना त्याचं उत्तर ऐकायला थांबायचं कुणी शिकवलंय? १९७५ च्या कायद्याने इथल्या सरकारी शाळांची दारं आमच्यासारख्यांच्या मुलांना उघडली. क्लब, खेळ, सहली यांतही त्यांना समान संधी मिळावी, ही जबाबदारी शाळेवर आहे. आयईपीच्या बैठकीत गणित-वाचनावर तासभर बोलतो, तशी दहा मिनिटं यावरही मागून घ्या.

मुलाला सतत चिकटून बसणाऱ्या एडबद्दल, म्हणजे शाळेने दिलेल्या मदतनिसाबद्दल, खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. मायकेल जिआंग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ सालीच दाखवून दिलं होतं की मोठं माणूस सारखं शेजारी असलं की वर्गातली मुलं लांब राहतात. तरी आपण पालक जास्तीत जास्त तास एड मिळावी म्हणून भांडतो. गरज असते, नाही असं नाही. पण डबा खातानाही?

माझ्या माहेरच्या गल्लीत असाच एक मुलगा होता. क्रिकेटमध्ये तो कच्चा लिंबू. आऊट झाला तरी आणखी एक चेंडू मिळायचा, पण फील्डिंग मात्र पूर्ण करावी लागायची आणि कॅच सुटला की बोलणीही खावी लागायची. चिडवायचेही त्याला, ते मी विसरलेले नाही. पण संध्याकाळी तो दिसला नाही तर पोरं त्याच्या दाराशी जाऊन हाका मारायची. इथे आमच्या दाराशी ठरवल्याशिवाय कुणी येत नाही, आणि ठरवायचं ते आईवडिलांनी.

म्हणून आपल्या मंडळाच्या ढोल पथकाचं मला फार मोल वाटतं. तिथे दर रविवारी तीच मुलं, तोच ताल, आणि माझ्या मुलाकडे झांज. त्याची झांज चुकली तर सगळ्यांचं बिघडतं, त्यामुळे त्याला कुणी सूट देत नाही. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या युनिफाइड संघांतही हेच तत्त्व आहे, बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात, एकाच गुणफलकासाठी. मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या मुलांचा वेगळा 'विशेष' नाच ठेवू नका. पडदा, ध्वनी, प्रसादाची पाकिटं, जे काम असेल त्यात त्यांना दोघा-तिघांबरोबर घ्या, आणि पुढच्या कार्यक्रमालाही तीच जोडी ठेवा. आणि पालकहो, मुलांना "दया कर" म्हणू नका. "त्याला काय आवडतं ते विचार," एवढं सांगा.

सूर चढला असेल तर माफ करा. तुम्ही सगळ्यांनी आमच्या घराला किती आधार दिलाय, ते मी जाणते. आपली मुलं मनाने चांगलीच आहेत.

एक मात्र आणखी सांगायला हवं. लहानपणापासून प्रत्येक थेरपीत आमच्यासारख्यांच्या मुलांना सांगितलेलं ऐकायला शिकवलेलं असतं. ऐकलं की शाबासकी. असं मूल मैत्री टिकावी म्हणून कशालाही हो म्हणतं, आणि त्याचा गैरफायदा घेणारे शाळेतही भेटतात, फोनवरही. पण परवा पथकातल्या एका मुलाने धाकट्याकडे त्याचा आयपॅड मागितला. धाकटा म्हणाला, "नाही. माझा आहे." दोघे थोडा वेळ घुश्शात होते, मग एकाच पाकिटातला चिवडा खायला बसले. पुढच्या आयईपीत 'हाय'चं उद्दिष्ट काढून तिथे नकार द्यायला शिकणं लिहा, असं मी शाळेला कळवलंय.