चेरी गावची खाण आणि आपला वारसा

डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका भागास महात्मा गांधींचे, तर दुसऱ्या भागास महंमद अली जिनांचे मानद नाव देण्यात आलेले आहे. परदेशातील रस्त्यांवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही नाव झळकावे, अशी इच्छा समाजबांधवांनी बाळगली तर ती सर्वस्वी योग्यच होय. परंतु केवळ पाटीने बाबासाहेबांचे कार्य या भूमीशी जोडले जाणार नाही. ते जोडू शकेल अशी एक जागा याच इलिनॉय राज्यात, डेव्हनपासून सुमारे शंभर मैलांवर आहे. आपल्या संघटनांनी तिकडे लक्ष द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही जागा म्हणजे ब्युरो काउंटीतील चेरी हे खेडे. एके काळच्या या गवताळ मैदानावर आज मक्याची शेते आहेत आणि गावाची वस्ती पाचशेच्या आत आहे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा ढीग तेवढा जुन्या दिवसांची साक्ष देतो. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा पुरविण्यासाठी १९०५ च्या सुमारास येथे खाण सुरू झाली. इटली, लिथुएनिया, स्लोव्हेनिया अशा देशांतून आलेले मजूर तीत राबत. तेही आपल्यासारखेच स्थलांतरित. मात्र त्यांच्याजवळ ना पदवी होती, ना इंग्रजी.

१३ नोव्हेंबर १९०९ रोजी विजेचे दिवे बंद असल्याने खाणीत रॉकेलचे पलिते जळत होते. खेचरांसाठी नेलेल्या गवताच्या गाडीला त्यातून आग लागली आणि ती खाणभर पसरली. २५९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कोवळी मुलेही होती. बारा जणांची तुकडी पुनःपुन्हा पिंजऱ्यातून खाली उतरून सोबत्यांना वर आणीत होती. अखेरच्या खेपेस ते बाराही जण जळून गेले. आत कोंडून पडलेले एकवीस जण तब्बल आठ दिवसांनी जिवंत बाहेर आले.

त्या काळी कामावर मेलेल्या मजुराच्या विधवेला मालकाचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे. सहकाऱ्याची चूक दाखवून मालक हात झटकू शके. चेरीच्या चितेने लोकमत हलले आणि १९११ मध्ये इलिनॉयने कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. या राज्यात आपल्यापैकी कोणास कामावर इजा झाली, तर मिळणाऱ्या संरक्षणामागे हे बलिदान उभे आहे.

आता बाबासाहेबांचे स्मरण करू या. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी झरियाच्या कोळसाक्षेत्रास भेट देऊन, खाणीत उतरून मजुरांचे काम पाहिले. १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाणकामगार कल्याण निधी उभारण्यात आला. खाणीतील स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, हे तत्त्व त्यांनी विधिमंडळात ठामपणे मांडले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तो जिल्हाही कोळशाचाच. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी ही नावे आपल्यातील विदर्भवासी कुटुंबांना परकी नाहीत. तरीही आपल्या जयंतीसोहळ्यांत घटनेचे शिल्पकार जेवढे दिसतात, तेवढे मजूरमंत्री बाबासाहेब दिसत नाहीत.

कामगारांचा इतिहास डोळे मिटून पूजावा, असेही आम्ही म्हणत नाही. १८९८ मध्ये इलिनॉयच्याच व्हर्डन गावी संप मोडण्यासाठी खाणमालकाने अलाबामातून कृष्णवर्णीय मजूर आगगाडीने आणले. तेथे संप चालू आहे, याची कल्पनाही त्यांना देण्यात आलेली नव्हती. गोळीबारात माणसे पडली आणि गोऱ्या मजुरांचा रोष त्या फसविलेल्या मजुरांवरही उसळला. इकडे मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचाच जाब विचारला. वर्णाचा वा जातीचा प्रश्न बाजूस सारून होणारी एकजूट अपुरीच राहते, हा धडा दोन्ही देशांनी दिला आहे.

म्हणून आमची सूचना अशी : दर वर्षी नोव्हेंबरात संघटनेने मुलाबाळांसह चेरीला जावे, तेथील स्मशानभूमीतील स्मारकासमोर बुद्धवंदना घ्यावी आणि मुलांना झरिया व चेरी या दोन्हींची हकीकत सांगावी. ज्यांच्या घरातील वडीलधारी माणसे खाणीत वा गिरणीत राबली, त्यांनी त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात. त्या याच स्मरणिकेत छापल्या जाव्यात. आणि डेव्हनवर बाजारहाट करताना, दुकानाच्या मागील बाजूस पोती वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसाची विचारपूस करावी. कामावर इजा झाल्यास त्याचे हक्क कोणते, हे त्याच्या भाषेत सांगणारे पत्रक आपल्या संघटनेने छापावे. आपली मुले उच्चशिक्षित झाली, याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र श्रमाशी असलेले नाते त्यांच्यापासून तुटले, तर बाबासाहेबांचा अर्धा वारसा आपण या परदेशी भूमीत गमावून बसू.