गर्दी गुन्हेगार नव्हती

फुटबॉल म्हणजे श्रमिकांना गुंगवणारी अफू, असे मत आपल्या वर्तुळात आजही अधूनमधून ऐकू येते. ते मांडणाऱ्यांनी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा इतिहास एकदा तपासून पाहावा.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लोखंडी कुंपणाआड उभ्याने सामना पाहणाऱ्या लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली. तीत अखेर ९७ जणांचा बळी गेला. चारच दिवसांनी रूपर्ट मर्डोक यांच्या 'द सन' या दैनिकाने 'सत्य' या मथळ्याखाली पहिल्या पानावर छापले की, प्रेक्षकांनी मृतांचे खिसे साफ केले. हे धादांत असत्य होते. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हेच मुख्य कारण ठरविले. पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे २०१२ साली स्वतंत्र समितीने उघड केले. प्रेक्षक निर्दोष होते, हे ज्यूरीच्या मुखातून वदले जाण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले!

हे असत्य खपले कसे? श्रमिकांचा समुदाय म्हणजे झुंड, हे समीकरण आधीच रुजविले गेले होते म्हणून. याच दक्षिण यॉर्कशायर पोलिसांनी १९८४ साली ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांवर दंगलीचे आरोप ठेवले होते. तो खटला पुढील वर्षी कोसळला.

सुरक्षिततेसाठी सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात, परंतु तिकिटे सामान्यांच्या आवाक्यातच ठेवावीत, असे टेलर यांचे म्हणणे होते. क्लबांच्या मालकांनी खुर्च्या बसविल्या आणि दर भरमसाट वाढविले. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा थेट प्रक्षेपणाचे हक्क मर्डोक यांची भागीदारी असलेल्या वाहिनीनेच विकत घेतले. ज्यांच्या पत्राने गर्दीची बदनामी केली, तेच तिच्या जयघोषाचे व्यापारी झाले. भांडवलशाहीचा न्याय तो हाच!

तथापि लिव्हरपूलकर स्वस्थ बसले नाहीत. त्या दैनिकावरील त्यांचा बहिष्कार आजतागायत टिकून आहे. २०१६ साली ७७ पौंडांच्या तिकिटाची घोषणा होताच हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला मैदान सोडून चालते झाले, आणि काही दिवसांतच मालकांनी ती दरवाढ मागे घेतली.

अफूने गुंगलेली माणसे असा लढा देत नाहीत. श्रमिक जेथे स्वेच्छेने जमतात, त्या जागेचा तिरस्कार करणारी चळवळ ती जागा मालकांना आंदण देते.