इंग्रजी शिकायला फिलिपिन्सला जाऊ का? आधी गल्ल्याला विचारा



मागच्या बॅचमधला एक मुलगा क्लास संपल्यावर थांबला. म्हणाला, "ताई, दुकान सहा महिने पुढे ढकलतो. आधी फिलिपिन्सला जाऊन तीन महिने इंग्रजी शिकून येतो." पैसे कुठले? तर वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून दुकानासाठी बाजूला ठेवलेले.

मी पटकन "वेडा आहेस का" म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर वाटलं, आपण नीट विचार न करता बोललो. म्हणून हा लेख.

आधी त्याची बाजू. फिलिपिन्सवर १८९८ ते १९४६ अमेरिकेची सत्ता होती. शाळा, कोर्ट, ऑफिस सगळीकडे इंग्रजी रुजली. आजही फिलिपिनोबरोबर इंग्रजी तिथली अधिकृत भाषा आहे. सेबू आणि बागिओ या शहरांत इंग्रजी शिकवणाऱ्या खूप शाळा आहेत. कोरिया, जपान, तैवानची मुलं तिथे वर्षानुवर्षं जातात. शिक्षकांचे पगार लंडन-सिडनीपेक्षा खूप कमी, म्हणून तिथे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक परवडतो. राहणं-जेवण बहुतेक वेळा पॅकेजमध्येच. काही शाळांत तर सोमवार ते शुक्रवार बाहेर पडायलाही बंदी!

म्हणजे माल चांगला आहे. प्रश्न आहे, तो आपल्या दुकानात खपणार का?

त्या कोरियन-जपानी मुलांपैकी बऱ्याच जणांचं पुढचं ठरलेलं असतं. कुणाला परीक्षेत मार्क हवेत, कुणाला पुढे ऑस्ट्रेलियात काम करायचंय. आपल्या मुलाला मी विचारलं, "तुझं गिऱ्हाईक कोण?" तो म्हणाला, "आपल्याच तालुक्यातले लोक." अरे, मग ते तुझ्याशी इंग्रजीत बोलणार आहेत का?

आता हिशोब करू. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे. झाले २४० तास. हेच फिलिपिनो शिक्षक ऑनलाइनही एकास एक शिकवतात. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक तास दिलात, तर २४० दिवसांत तेवढेच तास होतात. साधारण आठ महिने. शिवाय शटर उघडं राहतं. तिकडे गेलात तर फी आणि विमानाचं तिकीट सोडून शिक्षण परवाना, व्हिसाची मुदतवाढ, पुस्तकं असे खर्च वेगळे. आणि दुकान आधीच चालू असेल तर भाडं थांबत नाही, गिऱ्हाईक मात्र शेजारच्या दुकानात जायला लागतं.

पण खरं सांगते, घरी आपण तो एक तास पाळत नाही. आज पाहुणे, उद्या लग्न, परवा लाइट नाही. तिथे जायचे पैसे लोक शिस्तीसाठी मोजतात. ही गोष्ट मी त्याच्याशी बोलताना विसरले होते.

माझंच बघा. बीबीए इंग्रजीतून केलं, पण पेपर पाठ करून! माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान. एकदा बंगळूरहून बॉक्सच्या ऑर्डरसाठी फोन आला. समोरचा इंग्रजीत बोलायला लागला आणि मी "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला. ऑर्डर गेली. नंतर महागडा क्लास लावला, एका वर्गात चाळीस जण. तीन महिन्यांत माझ्या वाट्याला बोलायला किती आलं असेल? शेवटी मी धंद्यात लागणारी तीस वाक्यं वहीत लिहिली. रेट, साइज, डिलिव्हरी, ॲडव्हान्स, परत घेणं. रोज एका मैत्रिणीशी फोनवर तीच बोलायचे. चुकत चुकत जमलं. आज बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांशी मीच बोलते.

म्हणून माझं मत असं. तुम्हाला निर्यात करायचीय, परदेशी पर्यटकांचा धंदा आहे, दुकान अजून सुरू नाही आणि पैसे स्वतःचे आहेत, तर जरूर जा. पण आधी दोन महिने घरी रोज एक तास करून बघा. ते जमलं तर तिकडचे पैसे वसूल होतील. आणि इथून मित्रांचा ग्रुप घेऊन जाऊ नका, नाहीतर सेबूतही मराठीच बोलाल.

कर्ज काढून किंवा दुकानाच्या भांडवलातून मात्र अजिबात नाही. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना भरलेला माल पडून राहतो. भाषेचंही तसंच.

त्या मुलाला मी पुन्हा फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग तीस वाक्यांचं काम दिलं. तुम्हीही आज वही घ्या आणि तुमच्या धंद्यातली पहिली दहा वाक्यं लिहा. आणि उद्या सकाळी ती मोठ्याने बोला, मनात नाही!