आकाशात लाटा दिसल्या, घाबरायचं का?

मांडवा जेट्टीवर बोटीची वाट पाहताना ढगांच्या लाटा दिसल्या, की आधी फोटो निघतो आणि मग ‘आकाशात त्सुनामी’ असा मेसेज फिरतो. लाटा खऱ्याच असतात, पण हवेच्या. खालचा थर सावकाश आणि वरचा वेगात वाहत असेल, तर सीमेवरची हवा उचलली जाते, ढगांचे शेंडे पुढे कलंडतात. वारा पाण्यावर लाटा उठवतो तसंच. हेल्महोल्ट्झ (१८६८) आणि केल्विन (१८७१) यांनी हे गणित मांडलं. आकार काही मिनिटांत विरतो. हादरे बसले तर विमानाला. जेट्टीवरच्यांनी घाबरायचंच, तर क्षितिजावरून सरकत येणाऱ्या काळ्या, खाली झुकलेल्या, फळीसारख्या ढगाला. त्याच्यासोबत वादळी झोत येतो. तेव्हा फोटो राहू द्यावा, आडोसा गाठावा आणि बोट सुटणार का, हे बंदरावरच्या कर्मचाऱ्यांनाच विचारावं.